मुठीच्या मधोमध स्क्रू कुठून आला?

माझ्या एका मित्राच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक रिव्हॉल्व्हर टांगलेलं आहे. अर्थात शोभेचं, जस्ताच्या मिश्रधातूचं. विकणाऱ्याने "१८५१चं कोल्ट नेव्ही, हुबेहूब" असं सांगून विकलं. सिलिंडरवर गलबतांच्या लढाईचं चित्रसुद्धा आहे. ते खऱ्या कोल्ट नेव्हीवर असतंच: टेक्सासच्या आरमाराची १८४३ साली कँपीचेजवळ मेक्सिकोच्या आरमाराशी झालेली लढाई. मित्राने मोठ्या कौतुकाने ते माझ्या हातात दिलं. मी नळी पाहिली, सिलिंडर फिरवलं, मग मूठ पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, इथे स्क्रू कसा काय?"

त्यानंतर अर्धा तास मला त्या स्क्रूवर बोलावं लागलं. चहा थंड झाला, मित्राची बायको उठून गेली. तेच बोलणं आता जरा नीट मांडतो.

जुन्या पिस्तुलाची नक्कल करणाऱ्याला पोलादाचं काम त्या मानाने सोपं जातं. नळीची लांबी मोजता येते, सिलिंडरचा व्यास मोजता येतो, यंत्राला तोच आकडा दिला की तोच भाग बाहेर पडतो. लाकडाच्या मुठीचं तसं नाही. मूळ मूठ यंत्रावर ओबडधोबड कापून, मग कारागिराने घासूनपुसून त्या एकाच हत्याराला बसवलेली असते. पुढची शंभर-दीडशे वर्षं ती घाम, तेल, पाऊस आणि ऊन खाऊन बदललेली असते. तिची नक्कल करायची म्हणजे नेमकी कुठल्या दिवशीच्या मुठीची? कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या, की आज संग्रहालयात दिसते त्या? बहुतेक नकला इथेच अडखळतात, म्हणून अस्सल-नक्कल ओळखायला मी आधी मूठच बघतो.

आता स्क्रूकडे. कोल्ट नेव्हीची मूठ समजून घ्यायची तर आधी लाकूड विसरा आणि मुठीतलं धातूचं हाडूक बघा. सॅम्युअल कोल्टच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये मुठीचा सांगाडा दोन वेगळ्या पट्ट्यांचा असतो. एक पट्टी पुढची: चापाभोवतीचं कडं आणि तिथून मुठीच्या पुढच्या अंगाने खाली उतरणारी पितळी पट्टी. दुसरी मागची: घोड्याच्या मागून निघून तळहाताच्या खळग्यातून खाली येणारी आणि तळाशी वळून पहिलीला मिळणारी. (घोडा म्हणजे इथे अंगठ्याने मागे ओढायचा तो, चाप नव्हे. मराठीत या दोन शब्दांचा नेहमी घोळ होतो.) या दोन पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत घोड्याला जोर देणारी लांब चपटी स्प्रिंग उभी असते. तिच्याभोवती अक्रोडाचा एकच अखंड ठोकळा बसतो. ठोकळ्याला समोरून स्प्रिंगपुरती खाच कोरलेली, पाठीमागे धातूची पट्टी बसायला पन्हळ पाडलेली. ठोकळा आत सरकवायचा, मागची पट्टी लावायची आणि तीन स्क्रू आवळायचे: दोन वर घोड्याच्या दोन बाजूंना, एक खाली तळाशी. झालं. लाकडाला स्वतःला एकही स्क्रू लागत नाही. दोन पट्ट्यांनी ते कवेत घेतलेलं असतं, लाकडी चौकटीत काच बसते तसं, फक्त इथे चौकट धातूची आणि काचेच्या जागी लाकूड.

म्हणून कोल्ट नेव्हीच्या मुठीच्या मधोमध स्क्रू दिसला की समजायचं, आत वेगळीच रचना आहे. मित्राच्या शोभेच्या वस्तूत तर अख्खा सांगाडा एकाच साच्यातून ओतलेला होता आणि वरून दोन बाजूंना दोन तुकडे चिकटवून स्क्रूने आवळलेले होते. तेही लाकूड नव्हतं. लाकडाचे रेषे छापलेलं प्लॅस्टिक होतं, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना गाठीची खूण तंतोतंत एकाच जागी. जुळी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात.

पण मुठीवर स्क्रू दिसला की लगेच नक्कल, असं मात्र नाही. कोल्टचा त्या काळचा प्रतिस्पर्धी रेमिंग्टन. त्याच्या अमेरिकी यादवी युद्धातल्या रिव्हॉल्व्हरचा सांगाडा एकसंध होता, मुठीचं हाडूकसुद्धा मुख्य चौकटीबरोबरच घडवलेलं. तिथे अखंड ठोकळा आत सरकवायला वाटच नाही. म्हणून लाकडाच्या दोन फळ्या, डावी आणि उजवी, आणि दोन्हींना आरपार आवळणारा एक स्क्रू. स्क्रूच्या डोक्याने लाकूड चिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या टिकल्या बसवलेल्या. म्हणजे स्क्रू आहे की नाही हा सौंदर्याचा प्रश्नच नव्हे. हाडूक एकसंध असेल तर फळ्या दोन, हाडूक सुटं असेल तर ठोकळा अखंड. पहिल्या नजरेत हेच बघायचं: मुठीचं लाकूड आणि आतला धातू यांचं एकमेकांशी पटतंय का?

कोल्टचं स्वतःचं पुढे काय झालं तेही गमतीदार आहे. १८७३ साली कोल्टने आपलं सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर काढलं, सिंगल ॲक्शन आर्मी. हॉलिवूडच्या काउबॉयच्या कमरेला दिसतं ते हेच. त्याला मूठ दिली ती १८५१च्या नेव्हीचीच, अक्रोडाची, अखंड. पण १८८०च्या दशकापासून नागरिकांना विकायच्या मालावर कोल्टने कडक रबराच्या दोन फळ्या बसवायला सुरुवात केली. त्यावर आधी गरुड आणि ढाल, नंतर नुसता कोल्टच्या चिन्हातला उधळलेला घोडा (हा मात्र चार पायांचा). रबर साच्यात दाबलं की काम संपलं. प्रत्येक मूठ घासत बसणारा माणूस नको. आता हाडूक तेच, पण फळ्या दोन, त्यामुळे मधोमध स्क्रू आला. म्हणजे कोल्टच्या अस्सल मालावरही स्क्रू सापडतो, फक्त कुठल्या वर्षीच्या आणि कुठल्या मुठीवर हे ठाऊक हवं. मित्राला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा थोडा उजळला होता. पण त्याचं नेव्ही होतं आणि प्लॅस्टिकचं होतं, त्यामुळे फार काळ नाही.

आकाराबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण फसवणूक इथे बारीक असते.

अमेरिकेतले जुने हौशी कोल्टच्या या मुठीला नांगराची मूठ म्हणतात. आपल्याकडे नांगराच्या मुठीला स्वतःचा शब्दच आहे, रुमणं. रुमण्यावर हात ठेवून नांगर चालवलेला माणूस कोल्टची वळणदार मूठ धरली की लगेच समजेल की असं नाव का पडलं. वर अरुंद, मग पाठीकडून पोटात जाणारी कमान, मग खाली थोडी पसरत जाणारी. ही कमान नुसती नजरेला बरी दिसावी म्हणून नाही. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर मागे ढकललं जातं. मूठ सरळ आणि खडबडीत असती तर तो सगळा धक्का तळहाताच्या एकाच जागी बसला असता. गुळगुळीत, वळणदार मूठ हातात किंचित फिरते, नळी वर उचलली जाते आणि घोडा आपोआप अंगठ्याजवळ येतो. दर वेळी घोडा अंगठ्यानेच ओढायचा असल्यामुळे हे फिरणं सोयीचंच ठरतं. म्हणून या जुन्या लाकडी मुठींवर सहसा खरखरीत नक्षी नसते. त्या हातात थोड्या सरकायलाच हव्यात.

मूठ लहानही आहे. आजच्या मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी धरायला जागा न मिळून तळाखाली जाते. १८६०च्या 'आर्मी' मॉडेलला कोल्टने याच चौकटीवर .४४चं (म्हणजे जास्त जाड गोळीचं) सिलिंडर बसवलं, तेव्हा मूठ लांब केली. मोठा धक्का, मोठी मूठ. तरी १८७३ला पुन्हा त्याच लहान मुठीकडे परत आले.

याच्या उलट टोकाला आजच्या नेमबाजीतली पिस्तुलं आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. त्या खेळातल्या पिस्तुलाची मूठ नीट बघा: पुन्हा अक्रोडच, पण तळहाताच्या प्रत्येक उंचवट्याला खळगा, खाली हाताचा तळ टेकायला फळीसारखी पट्टी, ती वर-खाली सरकवता येणारी. नेमबाज ती कानशीने घासतात, कुठे लुकण भरून फुगवतात, हात दर वेळी केसभरही न हलता त्याच जागी बसावा म्हणून. कोल्टची मूठ फिरू देते, ही मूठ फिरूच देत नाही. लाकूड एकच, अपेक्षा अगदी उलट.

आता नकलाकारांचं पाहू. शोभेच्या वस्तू सोडून द्या. खरोखर चालणारी, चांगल्या दर्जाची पुनर्निर्मित रिव्हॉल्व्हरं बहुतांशी इटलीत होतात, ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावात आणि त्याच्या आसपास. शस्त्रं घडवण्याची तिथली परंपरा काही शतकांची, बेरेटा कंपनीही तिथलीच. १९५०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतले शस्त्रव्यापारी व्हॅल फोर्गेट यांच्या लक्षात आलं की यादवी युद्धाची शंभर वर्षं १९६१पासून साजरी होणार, हौशी माणसांना जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हरं हवी असणार, आणि मूळ रिव्हॉल्व्हरं तर जुनी, महाग आणि वापरायला जिवावर येणारी. त्यांनी इटलीतल्या कारागिरांना गाठलं. आल्डो उबेर्ती यांनी १९५९ साली सुरू केलेल्या कंपनीची सुरुवात कोल्ट नेव्हीच्या नकलेनेच झाली. पुढे पिएत्ता हे दुसरं मोठं नाव झालं. उबेर्ती २००० साली बेरेटाने घेतली.

गंमत अशी की १९७१मध्ये खुद्द कोल्टने आपल्या जुन्या नेव्हीचं उत्पादन पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्याचे सुटे भाग इटलीहून, उबेर्तीकडून आले. म्हणजे नाव कोल्टचं, हाडं इटलीची. याला अस्सल म्हणायचं की नक्कल, यावर हौशी लोकांत भांडण लागलं की मी बाजूला होतो.

या इटालियन नकलांच्या मुठींवर दोन जुन्या तक्रारी आहेत. पहिली आकाराची. पिएत्ताच्या आधीच्या नेव्ही रिव्हॉल्व्हरांची मूठ खाली जास्त पसरट होती, माशाच्या शेपटीसारखी फाकलेली. मूळ कोल्टमध्येही मूठ खाली रुंद होते, पण इतकी नाही. एकट्याने पाहिलं तर कळत नाही, दोन्ही शेजारी ठेवली की डोळ्यात खुपतं. कंपनीने नंतर ती सडपातळ केली. इथे एक लक्षात घ्यायला हवं: लाकूड धातूच्या पट्ट्यांच्या कवेत बसतं, तेव्हा लाकडाचा आकार चुकला असेल तर पितळी पट्टीचाही चुकलेला असतो. नुसतं लाकूड बदलून ती मूठ मूळची होत नाही.

दुसरी तक्रार रंगाची. उबेर्तीच्या मुठी लालसर, चकचकीत. डायनिंग टेबलाला मारतात तसं जाड व्हार्निश. अनेक मालक घरी आणल्याआणल्या ते खरवडून काढतात आणि जवसाचं तेल चोळतात, "मूळची होती तशी" करायला. हे करताना लोक मोठ्या भक्तिभावाने बोलतात. पण यात एक मजेदार चूक आहे. कोल्टने नागरिकांना विकलेल्या नेव्हीच्या मुठी व्हार्निशच्याच होत्या, चांगल्या चकचकीत. तेलाचा साधा हात लष्करी मालाला असे. आज संग्रहालयात जी मॅट, काळपट, मऊ दिसणारी मूठ आपण बघतो तिच्यावरचं व्हार्निश दीडशे वर्षांत हाताने, कातडी म्यानाने आणि हवामानाने झिजून गेलं आहे. म्हणजे इटलीवाले कारखान्यातून निघालेल्या दिवसाची नक्कल करताहेत (रंग जरा भडक, हे मान्य) आणि मालकाला हवी आहे आजची, म्हाताऱ्या मुठीची नक्कल. दोघेही आपापल्या जागी बरोबर. काही विक्रेते तर मुद्दाम झिजवलेला, जुना भासणारा माल वेगळा विकतात. जुन्या वाड्याचे दरवाजे नवे बनवून त्यांना भोकं पाडणाऱ्या फर्निचरवाल्यांची आठवण होते.

लाकडातही फरक असतो. मूळ कोल्टची मूठ अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाची, गडद चॉकलेटी. युरोपात वापरतात तो अक्रोड दुसऱ्या जातीचा, रंगाने बराच फिका आणि रेषांत जास्त खेळकर. हा दुसरा आपल्याला परका नाही. काश्मीरच्या कोरीव पेट्या ज्या अक्रोडाच्या असतात ती हीच जात. युरोपीय बंदुकीचा दस्ता आणि श्रीनगरची दागिन्यांची पेटी एकाच जातीच्या झाडाच्या.

अक्रोडच का? साग टिकाऊ आहे, शिसम कठीण आहे. पण अक्रोडात काही गुण एकत्र येतात: नीट वाळवला की तो फारसा वेडावाकडा होत नाही, धक्क्याने पटकन चिरत नाही, वजनाला मध्यम असतो आणि बारीक काम धरून ठेवतो. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकण्याचा अनुभव आपल्या प्रत्येक घरात आहे. धातूच्या चौकटीत बसलेल्या लाकडाचं हेच दुखणं. ते ओल शोषून फुगतं, वाळून आकसतं, आणि धातू मात्र ढिम्म असतो. जुन्या कारखान्यात मूठ जरा मोठी ठेवून हत्यारावर चढवत आणि मग लाकूड आणि धातू एकत्रच घासून सपाट करत, म्हणजे बोट फिरवलं तर दोघांच्या सांध्यावर काही लागू नये.

आणि दीडशे वर्षांनी? लाकूड थोडं आकसलेलं असतं. म्हणून खऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर बोट फिरवलं तर बहुधा धातूची कड किंचित वर लागते. नव्या नकलेत कड सपाट असते किंवा लाकूडच वर आलेलं असतं. जुनी मूठ म्हणून विकायला ठेवलेल्या तुकड्यात लाकूड धातूपेक्षा वर दिसलं, तर ते त्या हत्याराचं मूळ लाकूड नसण्याची शक्यता मोठी. एका रिव्हॉल्व्हरवर घासलेली मूठ दुसऱ्यावर नीट बसत नाही. एकाच कंपनीच्या दोन नकलांच्या मुठीसुद्धा कानस न लावता अदलाबदल होतील याची खात्री नसते.

प्रत्येक मूठ एकाच हत्याराची, म्हणून कारखान्यात ती हरवू नये अशी सोय होती. सिंगल ॲक्शनच्या अखंड मुठीत, पाठच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या पन्हळीत, हत्याराचा क्रमांक शाईने लिहिलेला असे. बाहेरून काही दिसत नाही. तीन स्क्रू काढले, पट्टी उचलली की दिसतो, नशीब असेल तर, कारण तेल आणि घाम शाईला टिकू देत नाहीत. जर्मन लष्कराच्या ल्यूगर पिस्तुलाच्या लाकडी फळ्यांच्या आतल्या बाजूलाही बऱ्याचदा क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. फळी काढून आत कोरं करकरीत लाकूड दिसलं की घेणारा किंमत कमी करायला लागतो.

आता शंकरपाळ्यांकडे. अमेरिकी शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगचं एम१९११ हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने मार्च १९११मध्ये स्वीकारलं. याची मूठ म्हणजे मॅगझिनची पोकळ नळी. गोळ्यांची पट्टी आतून वर सरकते, तेव्हा लाकडाला आत जागाच नाही. बाहेरून दोन पातळ फळ्या, प्रत्येकीला वर-खाली दोन स्क्रू. इथे धक्का थेट मागे येतो, मूठ हातात फिरवायची नाही, घट्ट धरायची. म्हणून फळीवर तिरप्या रेषांची जाळी कापलेली, शंकरपाळ्यांच्या ताटासारखी. हौशी लोक तिला चेकरिंग म्हणतात. पण पहिल्या महायुद्धातल्या फळ्यांवर दोन्ही स्क्रूंभोवती एकेक मोठी, गुळगुळीत शंकरपाळी कोरी सोडलेली असते. इंग्रजीत डबल डायमंड म्हणतात ते हेच.

ती नक्षी नव्हे. जाळी कापताना लाकडाची जाडी कमी होते आणि रेषांच्या टोकांना बारीक कंगोरे उरतात. स्क्रूच्या भोकाशी, जिथे सगळ्यात जास्त ताण असतो तिथेच ते कंगोरे आले तर लाकूड तिथून तुटायला सुरुवात होते. म्हणून तेवढी जागा भरीव ठेवली. शिवणारी बाई काजाच्या भोवती जसा जास्तीचा टाका घालते तसं. पुढे १९२०च्या दशकात पिस्तुलाची सुधारित आवृत्ती, एम१९११ए१, आली तेव्हा या शंकरपाळ्या गेल्या आणि फळी पूर्ण जाळीची झाली. दुसऱ्या महायुद्धात तर लाकूडच गेलं आणि तपकिरी प्लॅस्टिक आलं. त्या प्लॅस्टिकला स्क्रूच्या भोकाभोवती पुन्हा भरीव कडं द्यावं लागलं. लाकूड गेलं तरी ताण जागच्या जागीच होता.

आजच्या १९११ वर डबल डायमंड फळ्या पुन्हा फॅशनमध्ये आहेत. पण आजचं डायमंड बहुधा मूळपेक्षा मोठं, ठसठशीत असतं, कारण आता ते दिसण्यासाठी आहे. जाळीही जाड. फरक ओळखायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे रेषेचा तळ. जुन्या हत्याराने, दोन दातांच्या छोट्या करवतीसारख्या, कापलेल्या रेषेचा तळ धारदार आणि स्वच्छ असतो, एक दात आधीच्या रेषेच्या खोबणीत बसवून शेजारची रेष पुढे नेलेली. लेझरने कापलेली रेष तळाशी जळलेली, तपकिरी-काळी. भिंग लावलं तर करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी दिसते. तिला वास मात्र येत नाही, मी बघितलंय.

माउझर सी९६ या जर्मन पिस्तुलाबद्दल थोडक्यात, नाहीतर हा लेख संपणार नाही. झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ, आडव्या खाचांच्या दोन अक्रोडी फळ्या, मधून एक स्क्रू. खाचांची संख्या काळानुसार आणि मॉडेलनुसार बदलते, म्हणून हौशी आधी खाचा मोजतात. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मन लष्कराने दीड लाख माउझर ९ मिलिमीटरमध्ये मागवली. नेहमीचं माउझर ७.६३चं. दोन्ही दिसायला सारखी, चुकीची गोळी भरली जाण्याची भीती, म्हणून मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंगवला. हे 'रेड नाईन' आज जास्त किमतीला जातं, आणि त्यामुळे साध्या माउझरवर नंतर ९ कोरून रंगवण्याचे प्रकार होतात. खऱ्या ९चा रंग खाचेत मुरून झिजलेला, कडा हाताने गुळगुळीत. खोट्याच्या कडा धारदार, आणि लाल रंग कुंकवासारखा ताजा. एरवी सगळी मूठ शंभर वर्षं झिजलेली असताना फक्त ९ नवा कसा, एवढा प्रश्न विचारला तरी पुरे.

शेवटी शिक्के. अमेरिकी लष्कराने घेतलेल्या सिंगल ॲक्शनच्या मुठींवर तपासनिसाच्या आद्याक्षरांचा ठसा लाकडात उमटवलेला असे. सुरुवातीच्या खेपा ऑर्व्हिल एन्सवर्थ यांनी तपासल्या, ओ. डब्ल्यू. ए. या अक्षरांचा त्यांचा ठसा सगळ्यात जास्त मागणीचा, कारण त्या खेपांतली रिव्हॉल्व्हरं घोडदळाकडे, कस्टर या अधिकाऱ्याच्या सातव्या घोडदळ रेजिमेंटकडेही गेली. आजच्या इटालियन घोडदळ-मॉडेलांवर तोच ठसा हौसेने मारलेला मिळतो, स्वच्छ आणि खोल. मूळचा ठसा शतकभर हाताखाली राहिल्यामुळे पुसट होतो, कधी अर्धाच दिसतो.

आणि इथे अशी एक गोष्ट आहे, की आतापर्यंत सांगितलेला क्रमांकाचा नियमच उलटा पडतो. १८९५च्या सुमारास लष्कराने घोडदळाची जुनी साडेसात इंची रिव्हॉल्व्हरं परत मागवली, नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या, सगळी खोलून दुरुस्त केली आणि पुन्हा जोडताना कुठल्या चौकटीला कुठली नळी आणि कुठली मूठ गेली याची फिकीर केली नाही. यातल्या बऱ्याच मुठींवर नव्या तपासनिसाचा, रिनाल्डो कार यांचा, आर. ए. सी. ठसा आहे. हौशी लोक यांना 'आर्टिलरी मॉडेल' म्हणतात. यातलं एखादं रिव्हॉल्व्हर सगळ्या भागांवर एकच क्रमांक घेऊन समोर आलं, तर जाणकार खूश होत नाही. तो आधी तळाचा स्क्रू, मग घोड्याशेजारचे दोन काढतो, पोलादी पट्टी बाजूला ठेवतो आणि अक्रोडाचा ठोकळा उलटा करून खिडकीच्या उजेडात पन्हळीत बघत बसतो.